सहा गेले, नावं चौघांचीच

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कळव्याला राहतो. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात. गावच्या शाळेच्या भिंतीत एक जुना संगमरवरी दगड बसवलेला आहे. त्यावर इंग्रजीत कोरलंय की या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला ३१ माणसं गेली आणि त्यांतल्या ६ जणांनी प्राण दिले. नावं नाहीत. आमच्या मुंबईकर मंडळाने फार पूर्वी शेजारी दुसरी पाटी लावली, तिच्यावर मराठीत ४ नावं आहेत. ती कुणी सांगितली, कशावरून लिहिली, हे आज कुणालाच माहीत नाही. आता मंडळाला नवं स्मारक बांधायचंय, ग्रॅनाइटची ऑर्डर द्यायची आहे. ही ४ नावं बरोबर आहेत का आणि उरलेले दोघे कोण, हे ठाण्यात राहून कसं शोधायचं?
– एक वाचक, कळवा

उत्तर : सगळ्यात आधी ग्रॅनाइटची ऑर्डर थांबवा. एकदा दगडावर चुकीचं नाव गेलं की पुढच्या पिढ्या तेच खरं धरून चालतात, आणि ज्याचं राहिलं त्याच्याबद्दल कुणी विचारतही नाही. मंडळाला घाईच असेल तर तूर्त चौथरा बांधून घ्या.

दगडावर फक्त आकडे का, हे लोक मला नेहमी विचारतात. लढाई संपल्यावर सरकारने मुंबई इलाख्यातल्या ज्या गावांतून बरीच भरती झाली होती, तिथे असे दगड बसवले. मजकूर ठरलेला होता, फक्त संख्या बदलायची. पण गावाची गोष्ट सोडा, खुद्द इराकमध्ये बसऱ्याचं जे मोठं स्मारक आहे, तिथेही हेच झालं. मेसोपोटेमियात मेलेल्या ४० हजारांहून जास्त सैनिकांचं ते स्मारक. गोऱ्या शिपायांची नावं कोरली, आपल्या अधिकाऱ्यांचीही कोरली. आपल्या साध्या शिपायांची मात्र पलटणवार संख्या कोरली. ही स्मारकं ज्यांच्या ताब्यात आहेत त्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने नेमलेल्या समितीनेच २०२१ साली मान्य केलं की ४५ ते ५४ हजार लोकांचं स्मरण असं असमान पद्धतीने झालं. त्यांत हिंदी माणसं फार मोठ्या संख्येने होती. म्हणून तुमच्या दगडावरचा ६ हा आकडा मला सहन होत नाही. त्याच्या जागी ६ नावं यायलाच हवीत, आणि येऊ शकतात.

येऊ शकतात, कारण दगडावर नसली तरी नावं कागदावर होती. कमिशनच्या नोंदवह्यांत ती आहेत आणि त्या आता त्यांच्या वेबसाइटवर फुकट पाहता येतात. नाव, नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, आणि बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. तुमच्या कामाचा गाभा या शेवटच्या ओळीत आहे.

नाव टाकून शोधायला बसाल तर दमाल. पलटणीतल्या कारकुनाने जे कानाने ऐकलं ते रोमन लिपीत उतरवलं. शिंद्यांचं सिंदे होतं, जाधवांचं जादो होतं, चव्हाणांचं चवान होतं. कधी अख्खं नाव आडनावाच्या रकान्यात घातलेलं असतं. म्हणून उलट बाजूने शिरा. युद्ध पहिलं, सैन्य हिंदी, आणि जास्तीच्या माहितीच्या रकान्यात तुमच्या गावाचं नाव, शक्य तितक्या स्पेलिंगांनी. मग नुसतं खेड. इथे सांभाळा : पुणे जिल्ह्यातही खेड तालुका आहे, राजगुरुनगरचा. जिल्हा वाचल्याशिवाय कुणालाही आपला म्हणू नका. जिल्ह्यांची नावंही तेव्हाची लागतात. रायगडचा माणूस कुलाब्याखाली सापडेल. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे मालवणचा माणूस रत्नागिरीखाली असतो. आणि आपलं ठाणे तिथे ‘ठाणा’ आहे. डहाणू-पालघरची माणसंही त्यातच.

माझ्या आजीचा मामा बसऱ्याला गेला तो आला नाही. त्याचं नाव कुठेच नाही असं आजी आयुष्यभर म्हणत राहिली. ते होतं, पण आमच्या गावाखाली नव्हतं. पोस्ट ज्या शेजारच्या गावात होतं, त्या गावाखाली होतं. तेव्हा तुमच्या पंचक्रोशीतली पोस्टाची गावं कोणती होती ते म्हाताऱ्यांना विचारून घ्या आणि तीही टाकून पाहा.

म्हाताऱ्यांना साल विचारू नका. आजीने कधी साल सांगितलं नाही. ‘मानमोडीच्या आदल्या शिमग्याला तार आली’ एवढंच सांगायची. मानमोडी म्हणजे १९१८ च्या पावसाळ्याच्या अखेरीस आलेली इन्फ्लुएन्झाची साथ. म्हणजे तार त्याच वर्षीच्या मार्चमधली. अशा खुणांवरून तारीख बांधता येते. मात्र तार आली तो दिवस आणि माणूस गेला तो दिवस यांत कित्येक महिने असू शकतात, हे ध्यानात ठेवा.

पलटणीचा नंबर मिळाला की पुढचं पुष्कळ उलगडतं. तुमच्या भागातून गेलेल्यांत १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी वारंवार दिसतील. या तिन्ही पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होत्या. एप्रिल १९१५ ची शैबाची लढाई, नोव्हेंबर १९१५ ची टेसिफॉनची, मग माघार आणि ७ डिसेंबरपासून कूट या इराकमधल्या गावात अडकलेल्या आपल्या फौजेला तुर्कांचा वेढा. अन्न संपलं आणि २९ एप्रिल १९१६ ला कूट शरण गेलं. सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. ११० नंबरच्या शिपायाची मृत्यूची तारीख त्यानंतरची असेल तर तो कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत किंवा रेल्वेच्या कामावर गेला असण्याची शक्यता मोठी. तशी खूण सापडली तर घरच्यांना आधी सांगा, मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नंतर टाका. शंभर वर्षं झाली तरी त्या घराला पहिल्यांदाच कळत असतं.

एक घोळ टाळा. १९२२ मध्ये या पलटणींचे नंबर बदलले. ११७ ची पुढे पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्रीची रॉयल बटालियन झाली, १०३ ची पहिली बटालियन झाली. घरात कुणी ‘आजोबा पाचव्या मराठ्यात होते’ म्हणत असेल तर ती माहिती १९२२ नंतरची, कदाचित दुसऱ्या लढाईची आहे. मराठा रेजिमेंटचं केंद्र बेळगावला आहे. नंबर, नाव, तारीख असं नेमकं हातात आल्यावरच तिकडे पत्र लिहा. ‘आमच्या गावची माणसं कोण?’ असं मोघम विचारलं तर त्यांनाही शोधता येत नाही.

आता माझ्या ओळखीच्या रस्त्याकडे येते. नोकरीची सगळी वर्षं मी रेकॉर्ड रूममध्ये काढली, त्यामुळे इथे जरा रेंगाळते. परदेशात मेलेला माणूस गावच्या जन्ममृत्यूच्या रजिस्टरात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, बहुधा सापडत नाही. ते रजिस्टर गावात झालेल्या मृत्यूंचं. लोक तिथेच शोधतात आणि ‘नोंद नाही’ म्हणून परत येतात. तुम्ही त्याच रजिस्टरात त्याचा जन्म शोधा. १९१६ ला गेलेला पंचविशीचा माणूस १८९० च्या आसपास जन्मलेला असणार. जन्माच्या नोंदीत बापाचं नाव मिळतं, आणि कमिशनच्या नोंदीतल्या बापाच्या नावाशी ते जुळलं की माणूस पक्का.

मृत्यूसाठी फेरफार पाहा. माणूस गेला की जमिनीवर वारस चढतात आणि तशी फेरफाराची नोंद होते. १९१५ ते १९२५ या काळातले तुमच्या गावचे फेरफार तहसील कचेरीतून मागवा. ‘लढाईत मयत’ अशी दोन शब्दांची ओळ त्यात सापडू शकते. नोंद मोडीत असेल. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं आणि ठाण्यात मोडी वाचणारी बरीच मंडळी आहेत, त्यामुळे तिथे अडायचं कारण नाही. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून ही जुनी दप्तरं ठिकठिकाणी उघडली गेली. तुमच्या मंडळातल्या कुणी ना कुणी जातीच्या दाखल्यासाठी या नकला आधीच काढल्या असतील. त्यांच्या घरी फायलीत पडलेले कागद आधी मागा.

खोती गाव असेल तर मात्र अवघड आहे. जमीन खोताच्या नावावर आणि शिपाई कुळाच्या घरातला; मग फेरफारात त्याचा पत्ता लागेलच असं नाही. तिथे शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, खोताच्या घरातली कुळांची दप्तरं आणि वंशावळी यांवर भिस्त ठेवावी लागते.

आता उरलेल्या दोघांबद्दल. तुमचं मंडळ गावातल्या किती वाड्यांचं आहे? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. बौद्धवाडीत कुणी गेलं होतं का विचारायला? मोहल्ल्यात? धनगरवाड्यावर? १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. दापोलीच्या परिसरात तर महार पेन्शनर शिपायांची घरं त्याच्याही आधीपासून होती. कोकणी मुसलमान पलटणींत होते, बोटींवर होते. पखालवाले, खेचरांवरचे ड्रायव्हर, डोल्या उचलणारे, हमाल हेसुद्धा सैन्याबरोबर गेले आणि मेले. सरकारने ६ मोजले तेव्हा कुठल्या वाडीचा हे पाहून मोजले नसतील. पाटी लावताना कुणाला विचारलं आणि कुणाला नाही, यातच दोन नावं गळली असावीत असा माझा दाट संशय आहे. या गणपतीत सगळे गावी जमतील तेव्हा पदाधिकाऱ्यांनी प्रत्येक वाडीत स्वतः जावं. ‘लढाईत मेलेला कुणी आहे का?’ असं विचारू नका. ‘तुमच्यात कुणाच्या पणजीला सरकारची पेन्शन यायची?’ असं विचारा. पेन्शन घराच्या लक्षात राहते.

जुना दगड हलवू नका, त्यावर ऑइलपेंट मारू नका, अॅसिडने धुऊ नका. अक्षरं झिजली असतील तर रात्री बॅटरी एका बाजूने, दगडाला अगदी टेकवून धरा आणि फोटो काढा. सावलीमुळे अक्षर उठून येतं. चार नावांची पाटीही राहू द्या. एखादं नाव कागदात सापडलं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. कुणीतरी आठवणीने सांगितलं म्हणूनच ते तिथे आहे. नव्या दगडावर मात्र नाव, बापाचं नाव आणि गाव हे तिन्ही जुळलेलेच कोरा. सोबत वाडी, पलटण आणि तारीख घाला. आणि खाली जागा मोकळी सोडा.

प्रश्न : माझे पणजोबा श्रीवर्धनकडचे. दुसऱ्या महायुद्धात ते बोटीवर आगवाले होते आणि बोटीबरोबर बुडाले. गावातल्या स्मारकावर त्यांचं नाव घ्यायला काही लोकांचा विरोध आहे, कारण ते ‘फौजेत नव्हते’. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : अजिबात बरोबर नाही. बॉयलरपुढे कोळसा ओढणारा माणूस बोटीच्या तळाशी असतो. पाणबुडीचा टॉर्पेडो लागला की वर यायला त्याला सगळ्यात कमी वेळ मिळतो. हातात बंदूक नव्हती म्हणून त्याचं मरण हलकं होत नाही, आणि कमिशनही ते हलकं मानत नाही. व्यापारी बोटींवरचे खलाशी, टंडेल, सारंग (खलाशांचे मुकादम), आगवाले, भंडारी (स्वयंपाकी) हे सगळे युद्धात मेलेल्यांतच धरले आहेत.

दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या हिंदी नौदलाच्या आणि व्यापारी बोटींवरच्या ६ हजारांहून जास्त लोकांची नावं मुंबई आणि चितगाव इथल्या स्मृतिग्रंथांत आहेत. मुंबईचा ग्रंथ मस्जिद बंदरला खलाशांच्या होममध्ये असतो. पहिल्या महायुद्धातल्या २ हजारांहून जास्त खलाशांचं स्मारकही तिथेच आहे. तुम्हाला नेरूळहून हार्बरने थेट मस्जिदला उतरता येईल. आधी फोन करून मगच जा. त्याआधी वेबसाइटवर शोधा. तिथे पलटणीच्या जागी बोटीचं नाव असतं, म्हणून घरात बोटीचं नाव कुणाला आठवतंय का ते पाहा. जुनं सीडीसी (खलाशाच्या नोकरीचं पुस्तक), कंपनीचं पत्र, मनिऑर्डरची पावती, काहीही चालेल. बोट कळली की ती कधी, कुठे बुडाली ते सापडतं, आणि तिच्यावरच्या बाकीच्या आगवाल्यांची नावंही मिळतात. त्यांतले एकदोघे तुमच्याच खाडीकाठचे निघतील, कारण सारंग आपल्या गावचीच माणसं भरती करायचे. विरोध करणाऱ्यांना ती यादी दाखवा.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आमच्या वर्गात वाद झाला की इंग्रजांसाठी लढलेल्यांची स्मारकं आपण का जपायची? तुम्हाला काय वाटतं?
– एक विद्यार्थिनी, ठाणे पश्चिम

उत्तर : चांगला वाद घातलात. सुट्टीत मुरबाडकडे जाशील तेव्हा सिद्धगडला जा. २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळीला बळी पडले. ते इंग्रज सरकारविरुद्ध लढत होते. त्याच सुमारास याच भागातले तरुण त्याच सरकारच्या पलटणींतून आफ्रिकेत आणि ब्रह्मदेशात लढत होते. दोन्हींना एकाच मापाने मोजू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कोतवाल-पाटलांनी आपण होऊन मरण पत्करलं, आणि कशासाठी ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो मान त्यांचाच.

पण कोकणातला जो पोरगा १९१५ मध्ये भरती झाला, त्याच्यापुढे काय होतं? अर्धा एकर वरकस जमीन, खोताचं देणं, आणि महिन्याला रोख पगार देणारी एकच नोकरी. १९१८ मध्ये तर खुद्द गांधीजी गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव फिरले, हेही वर्गात सांग. तेव्हा मोठमोठ्यांना जे उमजत नव्हतं, त्याचा जाब त्या पोराकडे मागणं मला न्यायाचं वाटत नाही. ज्या राज्यासाठी तो मेला त्याने त्याची बेरीज मांडली, नाव लिहिलं नाही. आपण ते लिहिलं तर त्या राज्याचा गौरव होत नाही. आपल्या घरातला माणूस आपण परत आपल्यात घेतो, एवढंच होतं.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत चांदीचं एक पदक आणि बशीएवढी एक काशासारखी चकती सापडली. चकतीवर एक बाई आणि सिंह आहे. हे काय आहे? घासून स्वच्छ करू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घासू नका. पितांबरी नको, चिंच नको, लिंबू नको. मऊ कोरड्या फडक्याने धूळ तेवढी पुसा.

चकती सुमारे १२ सेंटिमीटरची, ब्राँझची असणार. बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं प्रतीक. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने मेलेल्यांच्या घरी अशी चकती पाठवली गेली. तिच्यावर चौकटीत उठावाने माणसाचं नाव असतं. हुद्दा नसतो, पलटण नसते. म्हणजे तुमच्या घरातला कुणीतरी त्या लढाईत गेला आहे, आणि तो आजोबांचा बाप, काका किंवा मामा असावा. आधी चकतीवरचं नाव वाचा आणि ते वंशावळीत शोधा.

पलटण पदकावर आहे. पुढून-मागून पाहून सापडणार नाही. नाण्याच्या कडेसारखी जी कड असते तिच्यावर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. चांदीचं पदक बहुधा लढणाऱ्या शिपायाचं. बरोबरच्या हमाल-कामगारांना तेच पदक ब्राँझमध्ये दिलं गेलं. पदक चकतीवाल्याचंच असेल असं धरून चालू नका. दोन भावांपैकी एक गेला आणि एक परत आला, असंही असू शकतं. दोन्हींवरची नावं ताडून पाहा. सराफाकडे वजनाला नेऊ नका. पदक हळूहळू फिरवत कडेचे चार फोटो काढा, एका बाजूने उजेड टाकून, आणि मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. नंबरचा प्रत्येक आकडा स्पष्ट दिसला पाहिजे.